पैसा मुलीच्या नावावर, मुलगी मावशीच्या घरी

माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

कामावर कामगाराचा जीव गेला तर भरपाई कोणाची, हे कायद्यात नात्यानिशी लिहिले आहे. विधवा पत्नी, अल्पवयीन मुलगा, अविवाहित मुलगी, विधवा आई, आणि पुढे आणखी काही नाती. 1923 च्या कायद्यात ही यादी होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती जवळपास तशीच आली आहे. तीत मावशी, आत्या, काकू नाहीत. नसाव्यात हेही मला मान्य आहे, भरपाई लेकरांचीच. पण ज्या लेकराला आईही उरलेली नाही, त्याला रोज जेवू घालणारीपर्यंत त्यातला पैसा पोहोचायचा कसा? हे काम आपल्या खात्याचे आहे, म्हणून हे पत्र.

माझी बहीण आजारपणात आधीच गेली होती. दाजी सेंट्रिंगच्या कामावर होते, परांचीवरून पडून गेले. त्यांची मुलगी माझ्याकडे वाढते आहे. भरपाईचा दावा लागला, रक्कम मंजूर झाली आणि मुलगी सज्ञान होईपर्यंत तिच्या नावे मुदत ठेवीत गेली. कोणी हडपू नये म्हणून ही काळजी घेतात, ते योग्यच आहे. भरपाईच्या पैशावर नातलग आणि सावकार कसे टपून बसतात, हे आमच्या वस्तीत सगळ्यांनी पाहिले आहे.

पण पोरगी अठराव्या वर्षी एकदम मोठी होत नाही. दर जूनला बूट लहान झालेले असतात, गणवेशाची शिवण सोडूनही भागत नाही, सातवीनंतर शिकवणी लागते. ठेवीतून शाळेपुरते काढायचे म्हटले तर अर्ज, प्रतिज्ञापत्र, बोनाफाईड, पावत्या, आणि वर प्रश्न: तुम्ही कायदेशीर पालक आहात का? तो दाखला 1890 च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून आणायचा, म्हणजे वकील आला. धुणीभांडी करणाऱ्या बाईने खाडे करून किती खेटे घालायचे? पुष्कळ जणी नाद सोडून देतात. मूल उसनवारीवर वाढते आणि त्याचेच पैसे बँकेत पडून राहतात.

साहेब, यासाठी कायदा बदलायची गरज नाही. मुलाच्या वाट्याची रक्कम त्याच्या हितासाठी गुंतवण्याचा तसाच वापरण्याचाही अधिकार भरपाई देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. वापरतात तो फक्त गुंतवण्याचा. ठेवीचे व्याज दरमहा मूल सांभाळणाऱ्याच्या खात्यात आपोआप जमा व्हावे आणि मुद्दल सुरक्षित राहावे, एवढा सर्वसाधारण आदेश आपण काढावा. मूल कोणाकडे आहे हे अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक किंवा बालकल्याण समिती सांगू शकते. वर्षातून एकदा येऊन मूल शाळेत जाते का, नीट आहे का, हे जरूर तपासा. उलट तपासाच, ते तर कोणी करतच नाही.

दरमहा देणे जमते, याचा दाखला आपल्याकडेच आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतला (ईएसआय) कामगार कामावर मरण पावला तर पगाराच्या 90 टक्क्यांच्या हिशेबाने निवृत्तिवेतन सुरू होते. त्यात विधवेचा वाटा 3/5, प्रत्येक मुलाचा 2/5, आणि सगळे मिळून त्या 90 टक्क्यांच्या वर जात नाही. मुलाला ते 25 वर्षांपर्यंत, मुलीला लग्नापर्यंत. विम्याबाहेरचा माणूस त्याच उंचीवरून पडला तर त्याच्या लेकराने अठरावे वरीस उजाडायची वाट पाहायची, हा भेद मला पटत नाही.

भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनबद्दल तर काय बोलावे. 2014 मध्ये ठरलेली किमान रक्कम मुलाला महिना 250 रुपये, आईवडील दोघेही नसलेल्या मुलाला 750. तो विषय केंद्राचा आहे, पण आपण तिथे राज्याच्या वतीने भांडू शकता.

बांधकाम कामगार मंडळ मात्र पूर्णपणे आपले. कामावर मृत्यू झाल्यास मंडळ वारसांना 5 लाख रुपये देते, पण नोंदणी चालू असेल तरच. नूतनीकरणासाठी 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देण्यासाठी ठेकेदार महिनोन् महिने फिरवतो. नोंदणी संपलेल्या अवस्थेत माणूस गेला की कुटुंबाच्या हाती मंडळाकडून काही लागत नाही. त्याच इमारतीच्या खर्चावर 1 टक्का उपकर मात्र मंडळाकडे जमा होतो. इमारत उपकराला पात्र ठरते, तर तिच्यावरून पडलेला माणूस मदतीला पात्र का ठरू नये? कामावरच्या मृत्यूसाठी तरी नूतनीकरणाची अट काढा.

आणखी एक. मालकाने मृत्यूचा अहवाल 7 दिवसांत द्यायचा असतो. त्या नमुन्यात एक रकाना वाढवा: मुले किती, वय काय, आता कोणाकडे आहेत. मग कार्यालयाने त्या घरी जावे. त्या घराला कार्यालय शोधत यायची वेळ येऊ नये.

व्याजाच्या आदेशाबाबत आपला निर्णय शाळा सुरू होण्याआधी कळावा, ही विनंती.

आपली,
बहिणीच्या मुलीला सांभाळणारी एक मावशी