घरातल्या दुखापतीही मोजा

महोदय,

रस्त्यावर अपघात झाला की पंचनामा होतो, बातमी येते. घरात चहाने पोळलेलं मूल, मोरीत घसरून मनगट मोडलेली आजी, कूलरचा शॉक लागलेला मुलगा यांची दाद ना फिर्याद. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात अपघाती मृत्यू असतात. घरात जखमी होऊन वाचलेल्यांचा हिशेब त्यात नाही. महापालिकांनी हा हिशेब ठेवायला हवा, कारण यातल्या बहुतेक दुखापती टाळता येतात.

कूलरचंच घ्या. जळगाव-भुसावळकडे एप्रिलपासून पारा चाळिशीच्या वर राहतो आणि माळ्यावरचे पत्र्याचे कूलर खाली उतरतात. वर्षभर पडून वायर उंदरांनी कुरतडलेली असते, पंपाचं सील तडकलेलं असतं. पंपातला करंट पाण्यात, पाण्यातून पत्र्यात उतरतो. तीन पिनांचा प्लग तुटला म्हणून दोन पिनांचा बसवला असेल, तर अर्थिंगची वाट बंद. मग करंट ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसातून जमिनीत जातो. ‘एमसीबी आहे ना’ (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) या भरवशावर राहू नये. १६ अँपिअरची एमसीबी त्याहून जास्त करंट गेल्याशिवाय पडत नाही, आणि जीव जायला ०.१ अँपिअरही पुरतो. इथे कामी येते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की ती क्षणात सप्लाय तोडते. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. खटका पडला नाही तर ती लगेच बदलावी. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी बटण न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवर असतं आणि फेज, म्हणजे करंट आणणारी तार पंपापर्यंत तशीच चालू राहते. पिनच उपसावी.

भाजल्यावर अजूनही टूथपेस्ट आणि हळद लावली जाते. त्याने आग आतच कोंडते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. त्याऐवजी भाजलेल्या जागेवर २० मिनिटं गार पाणी सोडावं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच चटका देणारं असतं, म्हणून नळाखाली हात धरण्याआधी पाणी तपासावं, नाहीतर माठातलं पाणी तांब्याने ओतत राहावं. बर्फ नको, त्याने रक्तपुरवठा आकसतो. अंगठी-बांगड्या सूज चढण्याआधी काढाव्यात. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाला साधारण ५ सेकंदांत खोल भाजतं, मुलाला त्याहून लवकर. म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग कढत.

मुलाने रॉकेल प्यायलं तर उलटी करवू नये, ते फुप्फुसात शिरतं. थेट दवाखाना किंवा १०८. गच्चीवर झोपताना खाट कठड्याला लावू नये, खाटेच्या उंचीइतका कठडा ठेंगणा होतो.

आता मोजणीबद्दल. आशाताई घरोघरी जातातच, त्यांच्या भेटीत एक प्रश्न वाढवावा: गेल्या महिन्यात घरात कुणाला अशी दुखापत झाली का, की औषधपाणी करावं लागलं किंवा एक दिवस कामधंदा, शाळा बुडाली? सोबत वय, जागा आणि कशामुळे झाली एवढं लिहावं. महिन्यामागचं विचारू नये. विळीने कापलेलं बोट दोन महिन्यांनी ध्यानात राहत नाही आणि आकडा खोटाच कमी भरतो. दवाखान्यात भरती झालेलं मात्र वर्षभर आठवतं, तो प्रश्न वेगळा ठेवावा. उत्तर शक्यतो स्वयंपाक करणाऱ्या बाईकडून घ्यावं. मिक्सरचं पातं कुणाला लागलं हे ओट्यापाशी असणाऱ्यालाच ठाऊक असतं. अशी फेरी मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा व्हावी. उन्हाळ्यात कूलर आणि गच्ची, पावसाळ्यात शेवाळलेलं अंगण आणि विंचूकाटा, अशी कारणं बदलतात आणि एकाच फेरीत ती सगळी सापडत नाहीत.

– एक वाचक, जळगाव