हाफकिन व्याख्यानमाला हवीच, पण आधी दानपत्र नीट लिहा

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

प्लेगवरची लस तयार करणारे शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांच्या नावाने रोगप्रतिकारशास्त्राची वार्षिक व्याख्यानमाला कायमनिधीतून, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर, सुरू व्हावी आणि ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने परळच्या हाफकिन संस्थेत भरवावी, ही आमची मागणी आहे. घोषणा एका दिवसात होईल. आम्हाला काळजी आहे ती विसाव्या वर्षाची.

अशा व्याख्यानमाला वक्त्यांवाचून अडत नाहीत, त्या व्याजावाचून अडतात. देणगीदार लाखभर रुपये देतो, मुदत ठेव होते, सात टक्क्यांनी वर्षाला सात हजार मिळतात आणि तेवढे सगळे खर्च होतात. मुद्दल जिथल्या तिथे राहते. महागाई सहा टक्के धरली, तर बारा वर्षांत त्या पैशाची किंमत निम्म्यावर येते. आधी बाहेरगावचा वक्ता बंद होतो, मग छापील व्याख्यान, आणि शेवटी शाल-श्रीफळापुरता कार्यक्रम उरतो.

म्हणून दानपत्रात पहिले कलम हे हवे: व्याजातला निम्मा भाग दरवर्षी मुद्दलात परत जाईल. एक कोटीचा निधी सात टक्क्यांनी सात लाख देतो, त्यातले साडेतीन लाख खर्चाला. वक्त्याचा प्रवास-मुक्काम दीड लाख, मानधन पन्नास हजार, चित्रीकरण आणि मराठी उपशीर्षके साठ हजार, छपाई चाळीस हजार आणि नागपूर, लातूर, अंबाजोगाईच्या विद्यार्थ्यांचे येणे-जाणे पन्नास हजार. यातले शेवटचे पन्नास हजार कुठल्याही काटकसरीत कापू नयेत. निधीचे खाते स्वतंत्र असावे. विद्यापीठाच्या सामान्य खात्यात गेलेले व्याज पुन्हा वेगळे काढणे फार अवघड जाते.

परदेशस्थ मराठी मंडळी देणगी देतील. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत, ओसीआय कार्डधारकाचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचे, ठरतात. त्यांच्यासाठी परकीय देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतले ठरलेले खाते लागते. हे आधी झाल्याशिवाय तो पैसा घेता येत नाही.

लस बनवणाऱ्या कंपन्यांचे पैसे जरूर घ्यावेत, पण वक्ता निवडण्यात देणगीदाराला मत नको. निवड समिती पाच जणांची, मुदत तीन वर्षे, किमान दोघे राज्याबाहेरचे. निमंत्रण वर्षभर आधी जावे. चांगल्या वक्त्याची तारीख तीन महिन्यांत मिळत नाही, आणि परदेशी असेल तर व्हिसाला वेळ लागतो. सलग तीन वर्षे व्याख्यान झाले नाही, तर निधी दुसऱ्या संस्थेकडे जाईल, हेही दानपत्रातच असावे. नंतर उद्देश बदलायचा तर धर्मादाय आयुक्तांपर्यंत जावे लागते.

तारीख 10 जानेवारी असावी. ऑक्टोबर 1896 मध्ये प्लेगच्या मुंबईत आलेल्या हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात छोटीशी खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. थेंबांखाली जंतूंची वाढ झुंबरासारखी लोंबायची. फ्लास्क हलवला की ती तळाला बसायची आणि वर नवी धरायची. मग उष्णतेने जंतू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक घालायचे. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली.

पहिल्या व्याख्यानाचा विषयही आम्हाला सुचवावासा वाटतो: मुल्कोवाल. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या या गावी 107 जणांना लस टोचली आणि एकाच बाटलीतून लस मिळालेले 19 जण धनुर्वाताने गेले. दोष लस बनवणाऱ्या हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. नंतर तपशील पुढे आला. गावात बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढले होते. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते, तर उघडताक्षणी दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. लसीकरणानंतर काही विपरीत घडले तर कुपीचा क्रमांक, उघडल्याची वेळ आणि उघडणारा हात यांची चौकशी कशी करायची, हे परिचारिकांना आणि आरोग्यसेवकांना यातून जितके समजेल तितके पुस्तकातून समजणार नाही. त्यांच्यासाठी हे व्याख्यान मराठीत व्हावे.

दानपत्राचा मसुदा आम्ही तयार केला आहे. आपल्या विभागाच्या विधी अधिकाऱ्याने तो तपासावा, एवढीच पहिली पायरी आपल्याकडून हवी आहे.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र शिकवणारे काही अध्यापक