अत्तरदाणीचे मोल तराजूत मावत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जवाहिऱ्यांनी घडवलेल्या महागड्या अत्तराच्या बाटल्यांवरील लेख आपल्या पुरवणीत वाचला. लेख माहितीपूर्ण असला तरी बाटलीवर किती हिरे जडवले आणि ती कितीला पडली, यावरच त्याचा भर राहिला. २०११ मध्ये अमेरिकेतील मार्टिन कॅट्झ या जवाहिऱ्याने एका परफ्यूमच्या बाटलीवर २,९०९ रत्ने जडवली व तिची किंमत दहा लाख डॉलर ठेवण्यात आली, हे खरेच. पण या कलेचा आरंभ रत्नांपासून झालेला नाही.

पॅरिसच्या व्हांदोम चौकात रने लालीक या जवाहिऱ्याचे दुकान होते आणि शेजारीच फ्रान्स्वा कोती यांचे अत्तरांचे. त्या काळी अत्तर बहुधा औषधाच्या असाव्यात तशा साध्या बाटल्यांतून विकले जाई. १९०७ च्या सुमारास कोतींनी शेजाऱ्यालाच बाटल्यांचे काम सांगितले. हिऱ्यांपेक्षा शिंग, मीना आणि काच यांत अधिक रमणाऱ्या लालीक यांनी त्यासाठी साधी काच निवडली. साच्यात घडवलेल्या काचेवरील नक्षीच्या खाचांतून ते रंगाची हलकी छटा भरत आणि प्रत्येक काचेचे बूच त्याच्याच बाटलीच्या तोंडाला घासून बसवत. अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींवर एकच आकडा कोरलेला असे. या काचेला आज संग्राहक जे मोल देतात, ते हाताच्या कसबाचे आहे.

आपल्याकडे तर हे काम सोनार-चांदीकारांचेच होते. अत्तरदाणी, गुलाबदाणी ही नावे अजून घराघरांत ऐकू येतात. करीमनगरचे कारागीर चांदीच्या तारेच्या जाळीकामातून आजही अत्तरदाण्या घडवतात. पॅरिसच्या बुशरों या जवाहीर पेढीने १९९४ मध्ये ‘जयपूर’ नावाचे अत्तर काढले, तेव्हा त्याची बाटलीसुद्धा नवरत्नांच्या कंकणावरून बेतली होती. त्यांनी आपल्याकडच्या दागिन्यात बाटलीचे रूप पाहिले आणि आपण मात्र आपली दाणी मोडीत घालतो, याचे मला अतिशय वाईट वाटते.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. माझ्या सासूबाईंची अत्तरदाणी कमळाच्या कळीच्या आकाराची होती. खाली जड बैठक, मधे बारीक दांडी आणि वर पाकळ्या कोरलेले फिरकीचे झाकण. आटे झिजल्यामुळे त्यांनी तोंडाशी पांढरा दोरा गुंडाळून ते झाकण घट्ट केले होते. हळदीकुंकवाला त्या ते उघडून फाया फिरवीत, तेव्हा माजघरभर हिन्याचा वास दरवळे. १९९६ साली मुलाच्या शिक्षणासाठी ती विकावी लागली. सराफाने आधी दोरा कापून टाकला, मग वजन केले, जोडकामाच्या डागाची तूट धरली आणि उरलेल्या चांदीचे पैसे हातावर ठेवले. घडणावळीचा विषयसुद्धा निघाला नाही. दाणी आटणीत गेली आणि तिचे एखादे छायाचित्रही आमच्याजवळ नाही.

इतवारीच्या सराफ्यात आजही अशा वस्तू मोडीला येत असणार. सराफ मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की, अत्तरदाणी किंवा गुलाबदाणी आटवण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढावीत, कारागिराचा ठसा असल्यास तो टिपून घ्यावा आणि ती तशीच ठेवायला कोणी गिऱ्हाईक मिळते का, हे महिनाभर तरी पाहावे. मध्यवर्ती संग्रहालयाने, म्हणजे आपल्या अजब बंगल्याने, विदर्भातील घरांतून अशा दाण्या काही दिवसांसाठी मागवून त्यांचे एक प्रदर्शन भरवावे. आपल्या पुरवणीनेही वाचकांकडून त्यांची छायाचित्रे मागवावीत. ज्यांच्या फडताळात अशी एखादी दाणी काळी पडून राहिली असेल, त्यांनी ती विकण्यापूर्वी निदान तिचे झाकण उघडून पाहावे. आतल्या कापसाला कदाचित अजून वास असेल.

आपली,
एक वाचक, महाल, नागपूर