रक्तदाबाच्या नोंदीत न मावणारा प्रश्न : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत एकटेपणाची नोंद घेण्याबाबत

महोदय, स. न. वि. वि.

आशाताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील व्यक्तींचा जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि घरातील आजार यांची चौकशी असते. मात्र या माणसाशी दिवसभरात कोणी बोलते का, आणि रात्री छातीत कळ आली तर हाक मारायला कोण आहे, हे त्यात विचारलेले नसते. हृदयविकाराच्या दृष्टीने ही उणीव किरकोळ नाही.

‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ मध्ये २३ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. एकाकी किंवा समाजापासून तुटलेल्या व्यक्तींमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा ३२ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२२ मध्ये जवळपास हेच सांगितले. मात्र एकटेपणा कमी केल्याने झटके कमी होतात का, याचे पुरेसे संशोधन झालेले नाही, हेही तिने नमूद केले आहे. त्यामुळे मी कोणत्याही चमत्काराचा दावा करत नाही.

तरीही कार्यकारणाचे काही धागे स्पष्ट दिसतात. सततच्या ताणाने शरीरातील ताणाची संप्रेरके आणि दाह वाढतो, झोप बिघडते, चालणे-फिरणे कमी होते. शिवाय गोळी चुकली तर आठवण करून देणारे कोणी नसते. कोकणात हे रोज दिसते. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमान्यांनी भरणारी घरे एरवी एखाद-दुसऱ्या वृद्धावर सोडलेली असतात. मुंबईहून पैसे येतात, फोनही येतो, पण १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची तर त्या माणसाला फुटलेला घाम आधी कोणाच्या तरी नजरेस पडावा लागतो. अर्थात, एकटा राहणारा प्रत्येक जण एकाकी नसतो आणि भरल्या घरातही न बोलता दिवस काढणारी माणसे असतात. म्हणूनच घरात किती माणसे आहेत, एवढीच नोंद पुरणार नाही.

बाल्टिमोरमधील संशोधक जेम्स लिंच यांनी दाखवले होते की माणूस बोलू लागला की त्याचा रक्तदाब चढतो आणि तो शांतपणे ऐकू लागला की उतरतो. त्यामुळेच मोजणी करताना रुग्णाने बोलू नये, हा नियम योग्य आहे. पण आपल्या उपकेंद्रांत दाब मोजून झाला, आकडा वहीत चढला आणि गोळ्यांची पुडी हातात पडली की भेट संपते; मोजताना गप्प बसवलेल्या माणसाला नंतरही कोणी बोलू देत नाही. दोष परिचारिकेचा नाही, बाहेरची रांग तिलाच संपवायची असते.

माझी मागणी खर्चिक नाही. वर उल्लेखिलेले दोन प्रश्न तपासणी-अर्जात समाविष्ट करावेत आणि ज्यांचे उत्तर ‘कोणी नाही’ असे येईल, त्यांच्याकडे आशाताईंनी ठरावीक काळाने पुन्हा जावे. आशाताईंच्या मोबदल्याचा काही भाग कामानिहाय ठरत असल्याने या भेटीलाही स्वतंत्र मोबदला हवा. अन्यथा हा आदेश कागदावरच राहील. ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून मिळणारा डॉक्टरांचा दूरस्थ सल्ला उपयुक्त आहे, परंतु त्याच्या भरवशावर वृद्धांची उपकेंद्रातील मासिक फेरी बंद करू नये, कारण कित्येकांसाठी घराबाहेर पडून चार माणसांत बसण्याचे तेवढेच निमित्त उरलेले असते. त्या दिवशी रांगेऐवजी बसायला बाकडी आणि थोडा अधिक वेळ द्यावा. सुरुवात याच दोन जिल्ह्यांतून करावी आणि वर्षभरानंतर औषधे नियमित घेणाऱ्यांचे व रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण तपासून, ते जाहीर करून, पुढचा निर्णय घ्यावा.

कळावे,
आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक ज्येष्ठ नागरिक