तक्रार निकाली निघाली, मी नाही : मंत्री महोदयांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

वर खातं लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. चौदा महिने झाले, मसाजच्या टेबलावर नको म्हटल्यावरही अंगावर फिरत राहिलेला हात, हा विषय नक्की कुठल्या खात्यात बसतो ते मला कळलेलं नाही आणि खरं सांगू का, तुमच्याकडेही कुणाला कळलेलं नाही. काल सकाळी दात घासत होतो तर मोबाईलवर मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ कुणी काढली, काय निकाल लागला, काही नाही. गेल्या वर्षी तुमच्याच कार्यालयातून उत्तर आलं होतं की विषय गंभीर आहे, धोरणात्मक निर्णय घेऊन आपणास कळवण्यात येईल. कळवलंत. आभारी आहे.

तर आता सगळ्यांसमोरच लिहितो, म्हणजे निदान पुढे कुठे वर्ग करता येणार नाही.

मी पुरुष आहे, वय ४३. हे आधीच सांगतो कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. खुर्चीवर बसून काम, कंबर धरलेली, गोळ्या खाऊन कंटाळलो होतो म्हणून एका ओळखीच्याने सांगितलेल्या मसाज थेरपी सेंटरला गेलो. बोर्डावर थेरपी, भिंतीवर सर्टिफिकेट, काउंटरवर फॉर्म. फॉर्मवर बारीक अक्षरात काय होतं ते मी वाचलं नाही, तुम्हीही वाचलं नसतं, सही केली. आतल्या माणसाला तोंडी स्पष्ट सांगितलं की फक्त कंबर आणि मान. तो हो म्हणाला.

त्या टेबलाला तोंड ठेवायला एक भोक असतं. पालथं पडलं की त्यातून फक्त खालची फरशी दिसते आणि येता-जाता थेरपिस्टचे पाय. त्याच्या सॅंडलचा एक पट्टा फेविक्विकने चिकटवलेला होता, फरशीच्या कोपऱ्याचा टवका उडालेला होता, हे मला आजही डोळे मिटून काढून दाखवता येईल. पंधरा मिनिटं ठीक गेली. मग न विचारता टॉवेल खाली ओढला आणि हात कुल्ल्यांवर आला. मी म्हणालो, इथे नको. तो म्हणाला, रिलॅक्स सर, मसल टाइट आहे. मी परत म्हणालो नको. हात मांडीच्या आतल्या बाजूला गेला आणि तिथून पुढे जिथे गेला तिथे कंबरेचा कुठलाही स्नायू नसतो, एवढं शरीरशास्त्र मलाही येतं.

आणि मी काय केलं? काही नाही. फरशीचा टवका बघत राहिलो. ८२ किलोचा माणूस मी, उठून बसलो असतो तरी तो मागे सरला असता, पण उठलोच नाही, अंग लाकूड झालं होतं. वर कडी म्हणजे निघताना मी त्याला थॅंक्यू म्हणालो. या थॅंक्यूने मला किती रात्री झोपू दिलेलं नाही ते तुमच्या कुठल्या फॉर्ममध्ये लिहायचं, सांगा.

(नंतर एका फिजिओथेरपिस्टकडून कळलं की कंबरदुखीत कुल्ल्याच्या स्नायूंवर काम करणं शास्त्राला धरून असू शकतं. असेल ना! म्हणूनच तर विचारायचं. हात कुठे लागला ही माझी पहिली तक्रार नाहीच, मी दोनदा नको म्हणालो ही आहे.)

घरी सांगायला पाच आठवडे लागले. तोवर न्हाव्याने मानेवर हात ठेवला तरी दचकायचो, पोरगं पाठीवर चढलं तर त्याच्यावर ओरडलो, तो बिचारा सहा वर्षांचा, त्याला काय कळणार बाबाला काय झालंय. बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी गप्प बसली आणि मग म्हणाली, पोलिसात जा. गेलो. तिथल्या हवालदाराने हसून घेतलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाला, साहेब, बाईमाणूस असतं तर कलम ७४ लावलं असतं, तुमचं कशात बसवू?

मला वाटलं टाळतोय. घरी येऊन वाचत बसलो तर माणूस बरोबर बोलत होता! भारतीय न्याय संहितेचं कलम ७४, विनयभंगाचं, फक्त स्त्रीवर बळजबरी झाली तरच लागतं, शिक्षा एक ते पाच वर्षं. पुरुषाला विनय नसतो असं कायद्याचं म्हणणं दिसतंय. जुन्या दंडविधानात कलम ३७७, ‘अनैसर्गिक’ शरीरसंबंधांचं, तरी होतं, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने त्यातून राजीखुशीचे संबंध बाहेर काढले, योग्यच केलं, पण जबरदस्तीचा भाग शिल्लक ठेवला होता. १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली आणि ३७७ अख्खंच गळलं, त्या जागी काहीच आलं नाही. माझ्या प्रकाराला ३७७ लागलं असतं की नाही ते वकील सांगतील, पण पुरुषावर अगदी बलात्कार झाला तरी आज त्याला सरळ बसेल असं कलम दाखवा मला. माझ्या वाट्याला आलं कलम १३१, साधी बळजबरी, जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. तेही अदखलपात्र. म्हणजे एनसी, पोलिसांच्या वहीत नुसती नोंद. सायकल हरवली तरी याहून जास्त शाई खर्च होते.

आणि कुणी याला समलैंगिक वगैरे रंग देऊ नका, हात जोडून सांगतो. तो कोण होता, त्याला कोण आवडतं याच्याशी मला घेणंदेणं नाही. प्रश्न परवानगीचा आहे.

आता बायकांना तरी कायदा आहे म्हणून न्याय मिळतो का तर तेही बघितलं. ऑफिसात अकरा जणांकडे मी धीर करून विषय काढला, त्यातल्या चौघींनी आणि दोघांनी सांगितलं की मसाजच्या टेबलावर कधी ना कधी असं झालंय. अकरातले सहा! ही काय शास्त्रशुद्ध पाहणी नाही हे मलाही कळतं, पण तुमच्याकडे तर ही अकराची पण नाही. सहापैकी तक्रार केलेल्या किती? शून्य. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात तिथे नोकरी न करणारी बाईसुद्धा तक्रार करू शकते, म्हणजे गिऱ्हाईकसुद्धा, आणि दहापेक्षा कमी कामगार असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, हे त्या चौघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. वर मुदत तीन महिन्यांची. मला बायकोला सांगायलाच पाच आठवडे लागले होते साहेब.

बरं, मी शिक्षाच मागत बसलो नाही. मी खात्यांना साधं विचारलं की या माणसाला उद्या दुसऱ्या कुणाच्या अंगाला हात लावण्यापासून कोण थांबवू शकतं? एक खातं म्हणालं, आमच्याकडे फक्त नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक. दुसरं म्हणालं, हे पंचकर्म नाही. तिसरं म्हणालं, दुकान म्हणून नोंदणी आहे, ती नियमित आहे. चौथं म्हणालं, पोलिस स्टेशनला संपर्क साधा. गोल गोल राणी!

२०२१ साली केंद्राने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला, त्यात फिजिओथेरपिस्टचा वर्ग आहे, नोंदणी आहे, गैरवर्तन केलं तर नाव कापता येतं. पण माझ्यावर ‘उपचार’ करणारा फिजिओथेरपिस्ट नव्हता. त्याचं सर्टिफिकेट कुठल्यातरी अल्पमुदतीच्या कोर्सचं होतं, आणि सर्टिफिकेट म्हणजे शिकला एवढंच, लायसन्स नव्हे. लायसन्सच नाही तर रद्द काय करणार? केस कापणारा, नखं रंगवणारा आणि बंद खोलीत उघड्या अंगाला हात लावणारा, सगळे तुमच्या लेखी एकच.

आणि सरकारांना या विषयात जाग येते तेव्हा काय होतं तेही बघा. २०२१ मध्ये दिल्लीत नियम काढला की स्पामध्ये पुरुषाने बाईला आणि बाईने पुरुषाला मसाज करायचा नाही. डिसेंबरमध्ये हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे यांच्या डोक्यात मसाज म्हटलं की धाड, धंदा, तोंडाला रुमाल बांधलेल्या मुलींचे फोटो, एवढंच येतं. माझा थेरपिस्ट पुरुषच होता हो! तुमचा नियम शंभर टक्के पाळला गेला होता त्या खोलीत.

तिकडे कॅनडातल्या ओंटारिओमध्ये मसाज थेरपिस्टला नोंदणी लागते आणि कुल्ले, छाती, मांडीची आतली बाजू इथे काम करायचं तर आधी लेखी संमती घ्यावी लागते, का करायचंय ते सांगून. लांब कशाला, आपल्याच सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितलं की एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही. तो निकाल डॉक्टरांसाठी होता. ऑपरेशन टेबलावर जे कळलं ते मसाजच्या टेबलापर्यंत यायला अजून किती वर्षं?

अमेरिकेतल्या जिम्नॅस्टिक्सच्या त्या डॉक्टरचं नाव तुम्ही ऐकलं असेल, लॅरी नासर. वर्षानुवर्षं पोरींना उपचार म्हणून हात लावत राहिला. २०१८ साली शिक्षेच्या वेळी १५६ जणी कोर्टात उभं राहून बोलल्या. त्यातल्या कित्येकींनी आधीच सांगितलं होतं, आणि मोठ्यांनी समजूत घातली होती की हा उपचारच आहे. मसल टाइट आहे.

काम कसं करायचं असतं हे मला आठ महिन्यांनी कळलं. कंबर काही बरी होत नव्हती, बायकोने ओढत दुसरीकडे नेलं, ती येऊन बाहेर बसली. तिथली थेरपिस्ट माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी बाई. कपडे काढायच्या आधी तिने सांगितलं, दादा, जेवढं काढावंसं वाटेल तेवढंच काढा, मी बाहेर थांबते. आत येताना दार वाजवलं. जिथे काम तेवढीच चादर दुमडायची, झालं की परत झाकायची. पाठीवर हात ठेवायच्या आधी, ठेवू का? खाली सरकायच्या आधी परत, इथे चालेल का, नाही चाललं तर वरूनच करते. म्हणाली, थांब म्हणालात की थांबेन, का ते विचारणार नाही. मी मुद्दाम पाच मिनिटांनी थांबा म्हणालो, काही दुखत नव्हतं, उगाचच. तिचे हात तिथल्या तिथे उचलले गेले. चादर वर आली. त्या भोकातून खाली बघत मी रडलो, आणि तिने खरंच काही विचारलं नाही.

तिनेच नंतर सांगितलं की तिलाही गिऱ्हाईकं काय काय मागतात, हात धरतात, आणि मॅनेजर म्हणतो, कस्टमर आहे, समजून घ्या. तेव्हा मंत्री महोदय, हा फक्त गिऱ्हाइकाचा प्रश्न आहे असं समजू नका. टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणूसच असतो.

मागण्या विचाराल तर फार नाहीत, याच्या अर्ध्या पत्रात मावल्या असत्या. पैसे घेऊन अंगाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी करा आणि ती रद्द करण्याचा अधिकार एका कुणाला तरी द्या. काउंटरवरची आंधळी सही संमती म्हणून धरणं बंद करा. कुठे, का आणि चालेल का, हे तोंडी विचारल्याशिवाय टॉवेल हलता कामा नये. नको म्हटल्यावर चालू राहिलेला हात गुन्हा धरा, टेबलावर बाई असो, पुरुष असो, तृतीयपंथी असो.

पण होणार नाही, मला माहितीये. कारण तुमचं सगळं राज्यच त्या काउंटरवरच्या सहीवर चालतं. पेपरात कोपऱ्यात नोटीस छापायची, तीस दिवसांत हरकती-सूचना मागवायच्या, कुणी आलं नाही की जनतेची हरकत नाही. हॉस्पिटलात दाखल होताना दहा कोऱ्या कागदांवर सह्या, माणूस स्ट्रेचरवर कण्हतोय आणि नातेवाईक विचारतोय कुठे करू, इथे का? मौनं संमतिलक्षणम् म्हणत पिढ्या गेल्या आपल्या. गप्प बसला तो राजी. पाच वर्षांतून एकदा बटण दाबलं म्हणजे पुढची पाच वर्षं टॉवेल तुमच्या हातात, आणि मधे कुणी इथे नको म्हणालं की रिलॅक्स सर.

आपला,
तक्रार क्रमांक तुमच्याकडे असेलच, तोच.

ता. क. काल निकाली निघाल्याच्या मेसेजखाली लिंक होती, ‘आपण समाधानी आहात का? होय / नाही.’ होय दाबलं की लगेच आभार मानतात म्हणे. मी ‘नाही’ दाबलं. तर कारण लिहायचा रकाना उघडला, अनिवार्य. मी त्यात ‘नको’ एवढंच लिहिलं. खाली लाल अक्षरात आलं, किमान दहा अक्षरे आवश्यक.