फुटलेले इंजिन भंगारात देण्यापूर्वी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हौशी मोटार शर्यतींचे निकाल आपल्या क्रीडापानावर अधूनमधून येतात आणि त्यांत पुण्याच्या एखाद्या स्पर्धकाच्या नावापुढे ‘इंजिनातील बिघाडामुळे माघार’ एवढे तीन शब्द छापलेले असतात. त्या तीन शब्दांच्या मागे काय घडलेले असते आणि गाडी पुण्यात परत आल्यावर काय करायचे राहून जाते, याविषयी हे पत्र लिहीत आहे. इंजिन का फुटले हे कळल्याखेरीज त्या गाडीत दुसरे इंजिन बसवू नये, हे माझे म्हणणे आहे. ते मी दोन इंजिने गमावून शिकलो.

पुण्यात शर्यतींसाठी कायमस्वरूपी ट्रॅक नाही. चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरजवळचे करी किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट गाठायचे, तर गाडी ट्रकवर चढवून हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. एवढे करून आलेला माणूस सराव सत्राच्या पहिल्या अर्ध्या तासात इंजिन गमावतो, तेव्हा त्याला काही सुचत नाही, हे मी अनुभवले आहे. माझी गाडी १.३ लिटरची एस्टीम. दक्षिणेतील अशाच एका ट्रॅकवर, लांब वळणातून बाहेर पडताना खालून टक्-टक् असा आवाज सुरू झाला आणि पिटपर्यंत, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेपर्यंत, तरी पोहोचू, या आशेने मी गाडी हळूहळू चालवत राहिलो. अर्धी फेरीही झाली नसेल, तोच पिस्टनला फिरत्या क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या बाजूने बाहेर आला. गरम तेल ट्रॅकवर सांडले, मार्शलना पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचा झेंडा दाखवावा लागला आणि मागून येणारी एक गाडी त्या तेलावरून घसरली. कोणाला इजा झाली नाही. पण तो आवाज ऐकताक्षणी क्लच दाबून इग्निशन बंद करायचे आणि गाडी ट्रॅकच्या कडेला घ्यायची, हे मला ठाऊक असूनही मी केले नव्हते. तेच तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले असते, तर आगही लागली असती.

पुण्यात परतल्यावर जे सगळे करतात तेच मीही केले. ओळखीच्या गॅरेजमध्ये इंजिन उतरवले, ३५ हजार रुपयांना एक जुने इंजिन मिळाले, ते आठवड्याभरात बसवले आणि फुटलेले इंजिन त्याच गॅरेजवाल्याने भंगारात देऊन टाकले. मी ते खोलून पाहिले नाही आणि कोणी मला तसे सुचवलेही नाही. दुसरे इंजिन चौथ्या सत्रात त्याच आवाजासह गेले. या वेळी मात्र गाडी मी तत्काळ बंद केली होती, त्यामुळे ब्लॉक शाबूत राहिला, आणि भोसरीतल्या एका अनुभवी लेथवाल्या काकांनी मला समोर बसवून ते इंजिन खोलले. त्या चार तासांत मी जे शिकलो, ते पहिल्याच वेळी शिकता आले असते.

ते सर्वप्रथम म्हणाले की, बंद पडलेल्या इंजिनाला पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. आत सुटलेला तुकडा असेल, तर इंजिनाच्या एका फेरीत, वाचण्यासारखे असलेले हेड, म्हणजे वरचा भागही, जातो. तेल मलमलीच्या कापडातून गाळून घेतले आणि फिल्टर कापून त्याचा कागद पंख्यासारखा उलगडला. कागदावरच्या चकाकणाऱ्या कणांवर चुंबक फिरवला. चिकटले ते कण पोलादाचे, आणि न चिकटलेले बरेचसे बेअरिंगच्या शेलवरच्या, म्हणजे त्यातल्या अर्धगोल पातळ पत्र्यांवरच्या, मऊ धातूचे. त्यानंतर चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे, काढले, बेअरिंगच्या कॅप्सवर क्रमांक घालून त्या एकेक करून उघडल्या आणि शेल ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले. तेव्हा तो कागद एखाद्या जबानीसारखा वाचता आला. एकाच रॉडचे शेल घासलेले आणि बाकीचे चांगले असते, तर दोष त्या रॉडचा किंवा जोडणीचा मानता आला असता. येथे चारही रॉडचे शेल तांब्यापर्यंत घासले होते आणि क्रँकशाफ्टचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग, उष्णतेने निळे पडले होते. याचा अर्थ तेल पोहोचत नव्हते.

का पोहोचत नव्हते, याला दोन कारणे निघाली. पहिले मूळ कारण असे की, रस्त्यावरच्या गाडीचे चेंबर रस्त्यावरच्या वळणांसाठी बनवलेले असते. शर्यतीच्या टायरवर लांब वळण घेताना तेल एका बाजूला चढते, गाळणीचे तोंड उघडे पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. क्रँकशाफ्ट आणि शेल यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारा तेलाचा पापुद्रा मिलीमीटरच्या काही हजारांश भागाएवढाच असतो, आणि रॉडच्या बेअरिंगला तेल मिळते ते मुख्य बेअरिंगमधून, क्रँकशाफ्टमध्ये पाडलेल्या छिद्रांवाटे, म्हणजे रांगेत शेवटी. इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर असताना दोन-तीन सेकंदांचा हा उपवास ट्रॅकच्या प्रत्येक फेरीत घडत राहिला, की शेल टिकत नाही. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा याची वर्दी देत नाही, कारण तो साधारणपणे दाब अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावरच लागतो. शर्यतीत इंजिनाला प्रत्येक हजार फेऱ्यांमागे सुमारे दहा पीएसआय (एक बार म्हणजे सुमारे साडेचौदा पीएसआय) दाब हवा, असा ढोबळ हिशेब धरतात. काही जण उपाय म्हणून तेल जास्त भरतात. ते प्रमाणाबाहेर गेले, तर क्रँकशाफ्ट त्यात बुडून तेलाचा फेस होतो आणि दाब आणखी पडतो. चेंबरमध्ये आडपडदे घालणे आणि खरा दाब दाखवणारे मीटर लावणे, एवढे दोन हजारांत होणारे काम मी दोन्ही वेळा केलेले नव्हते.

दुसरे कारण मला अधिक लागले, कारण ते केवळ निष्काळजीपणाचे होते. पहिले इंजिन फुटले, तेव्हा त्याचा धातूचा चुरा तेलाबरोबर ऑइल कूलरमध्ये गेला होता. मी तो कूलर पेट्रोलने धुऊन नव्या इंजिनाला जोडला. कूलरच्या अरुंद नळ्यांमधून तो चुरा पूर्णपणे निघत नाही. इंजिन तापले, दाब वाढला, की थोडा थोडा सुटून तो थेट बेअरिंगमध्ये जातो. अशा फुटीनंतर ऑइल कूलर, त्याचे पाइप आणि ऑइल पंप टाकूनच द्यायचे असतात. अशीच काळजी इनटेक मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची, घ्यावी लागते, कारण व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचे तुकडे उलटे फेकले जाऊन तिथे पडून राहतात आणि नवे इंजिन पहिल्याच वेळी ते गिळते. मॅनिफोल्ड निदान आतून पाहून स्वच्छ तरी करता येतो.

प्रत्येक फूट तेलामुळेच होते असे नाही, आणि म्हणूनच तुकडे जपून ठेवण्याचा माझा आग्रह आहे. शेल चांगले असून रॉडचा बोल्ट तुटला असेल, तर बहुधा इंजिन मर्यादेबाहेर फिरले आहे किंवा जुने ताणलेले बोल्टच पुन्हा वापरले आहेत. चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, तर फेऱ्यांना मर्यादा घालणारा लिमिटर वाचवत नाही. तो फक्त इंधन किंवा ठिणगी तोडतो आणि चाकेच इंजिनाला फिरवतात. रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने सहा हजारांवरून सात हजारांवर जाताना तो एकतृतीयांशाहून अधिक वाढतो. पिस्टनचा माथा किडल्यासारखा झाला असेल किंवा रिंगांमधली कडा तुटली असेल, तर ठिणगीची वेळ आणि इंधनाचे मिश्रण तपासले पाहिजे. तुटलेल्या पृष्ठभागावर, ओहोटीनंतर वाळूत राहतात तशा एकापुढे एक वळणदार रेषा दिसल्या, तर ती तड एका झटक्यात गेलेली नसून अनेक सत्रांपासून वाढत आलेली असते, आणि अशा वेळी त्याच वयाचे उरलेले तीन रॉडही वापरण्यायोग्य नसतात.

दुरुस्तीविषयी माझे मत थोडक्यात सांगतो. भोक पडलेला ब्लॉक, ऍल्युमिनियमचा असो वा बिडाचा, शर्यतीसाठी वेल्डिंग करून वापरू नये. उष्णतेने बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते दंडगोल) आणि मुख्य बेअरिंगची रेषा बिघडते आणि ती सरळ करण्याच्या खर्चात दुसरा ब्लॉक येतो. क्रँकशाफ्टला तड नसेल, तर ग्राइंडिंग करून ०.२५ मिलीमीटर अंडरसाइज, म्हणजे तेवढ्या बारीक केलेल्या जर्नलसाठीचे, शेल घालता येतात. तो निळा पडला असेल, तर मात्र मोह टाळावा. जुने इंजिन आणले, तर बसवण्यापूर्वी त्याचेही चेंबर उघडून शेल पाहावेत. ‘चालू गाडीतून काढले आहे’ हे विकणाऱ्याचे वाक्य पुरेसे नसते. एस्टीमचे उत्पादन २००७ मध्ये थांबले, म्हणजे त्यातले सर्वांत तरुण इंजिनही आता म्हातारे आहे. बिलाशिवाय आणि इंजिन क्रमांक तपासल्याशिवाय ते घेऊ नये, आणि तीच गाडी रस्त्यावरही चालवत असाल, तर नव्या क्रमांकाची नोंद संगम पुलाजवळच्या आरटीओ कार्यालयात करून घ्यावी. जळालेले तेल गटारात ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि त्याची वाट शेवटी मुठेकडेच जाते.

आता पुण्याविषयी. एआरएआय ही वाहन संशोधन संस्था येथे १९६६ पासून आहे. मुंढव्यात १९६० च्या दशकापासून क्रँकशाफ्ट घडवले जातात. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत धातुशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत, तडा शोधण्याचे द्रावण आहे, सूक्ष्मदर्शक आहेत, आणि त्याच महाविद्यालयांचे विद्यार्थी दरवर्षी स्वतःच्या शर्यतीच्या गाड्या बांधतात. तरीही अशा एका संघाचे इंजिन गेल्या हंगामात फुटले, तेव्हा मुलांनी ते दोन दिवसांत भंगारात दिले, कारण त्यांना पुढच्या चाचणीची घाई होती आणि अपयशाची लाजही वाटत होती. यंदाच्या मुलांना ते का फुटले हे माहीत नाही. या मुलांना मी दोष देत नाही. मीही वयाच्या चाळिशीत तेच केले होते.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळा महिन्यातून एक दिवस, माफक शुल्क घेऊन, हौशी स्पर्धकांच्या तुटलेल्या भागांसाठी उघडाव्यात आणि प्रत्येक फुटलेल्या इंजिनाची एक पानी नोंद, छायाचित्रांसह, पुढच्या तुकडीसाठी ठेवावी. आणि स्पर्धांच्या आयोजकांनी, ज्या गाडीचे इंजिन फुटून ट्रॅकवर तेल सांडले आहे, तिला पुढच्या फेरीत उतरू देण्यापूर्वी फुटीचे कारण आणि केलेला उपाय लेखी मागावा. मागच्या गाडीत बसलेल्या माणसाच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

दुसऱ्या इंजिनाचे घासलेले शेल, निळा पडलेला क्रँकशाफ्ट आणि कापलेला फिल्टर मी क्रमांक लावून एका पेटीत ठेवला आहे. पुण्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या संघाला ते पाहायचे असेल किंवा शिकवण्यासाठी कायमचे हवे असेल, तर मी ते स्वतः आणून देईन.

आपला,
एक हौशी स्पर्धक
सिंहगड रस्ता, पुणे