कंट्रोलर डावीकडे ओढतो आणि शेरा मात्र आमच्या गैरवापराचा

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: नव्या गेम कन्सोलच्या कंट्रोलरची डावी स्टिक आणि तुम्ही मारलेला 'गैरवापर' हा शेरा

महोदय,

बेळगावात शहापूरला माझं टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. तुमचा नवा कन्सोल भाच्यासाठी घेतला, ४२ हजारांना. निम्मे पैसे त्याच्या आईने भिशीचे घातले. घेतल्यापासून एकविसाव्या दिवशी कंट्रोलर बिघडला. तुमच्याकडून उत्तर आलं: धूळ आणि ओलावा, ग्राहकाचा गैरवापर, वॉरंटी लागू नाही. यंत्र बिघडतं, त्यावर माझंच घर चालतं. पण फोटो बघून तुम्ही हा शेरा मारलात, म्हणून एवढं लांब पत्र लिहायला बसलो.

कन्सोलबद्दल तक्रार नाही. डबा फोडल्यावर मी सवयीने पहिल्यांदा मागची बाजू बघितली. पॉवर सप्लाय आतच, १०० ते २४० व्होल्टचा. वायर साधी, जुन्या टेपरेकॉर्डरला असायची ती आठच्या आकड्याची. हरवली तरी खडेबाजारात कुठंही मिळेल. पंखा चालू आहे की नाही बघायला जाळीपुढं हात धरावा लागतो. हवा खालून ओढतो आणि रबरी पाय मात्र अगदीच बुटके, म्हणून मी खाली दोन लाकडी पट्ट्या सरकवल्या. डब्यावर ५१२ जीबी आणि स्क्रीनवर ४७६, हेही समजू शकतो. तुम्ही हजाराच्या पटीत मोजता, यंत्र १०२४ च्या.

कंट्रोलरही पहिल्या दिवशी आवडला होता. मुठीवर बारीक दाणे आहेत, घामानं सटकत नाही. ट्रिगर मऊ. पण डावी स्टिक, म्हणजे अंगठ्यानं खेळाडू हलवायचा खुंट, पूर्ण कलवली की तिची दांडी भोकाच्या कडेला घासते. ती कड तुम्ही गोल केलेली नाही, नख फिरवलं तर अडकतं. आठवड्याभरात स्टिकच्या मुळाशी पांढरी भुकटी दिसायला लागली. मला वाटलं, पोरगं पावडर लावून खेळतंय. भिंगाखाली धरली तर प्लॅस्टिकचा कीस! दांडीवर गोल चरा पडलेला. तुमच्या माणसाला फोटोत जी 'धूळ' दिसली ती हीच. ती आमच्या गल्लीतली नाही, तुमच्या कारखान्यातून आलेली आहे.

मग एका संध्याकाळी फुटबॉलचा गेम लावलेला, कंट्रोलर टीपॉयवर ठेवलेला, भाचा चहाला उठलेला. पडद्यावरचा खेळाडू आपला आपण डावीकडं चालत निघाला. चेंडू मागं, हा एकटाच सावकाश कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत गेला आणि तिथं रेषेला टेकून पाय हलवत राहिला. आई म्हणाली, "त्याच्या अंगात आलंय काय रे?" भाचा रडकुंडीला. "मामा, मी आपटला नाही, शप्पथ!" त्याचं खरं आहे. कंट्रोलरवर एक ओरखडासुद्धा नाही.

कंट्रोलर लॅपटॉपला जोडून बघितला. स्टिक पूर्ण डावीकडं ढकलली की रीडिंग वजा १ येतं, हात न लावता आडव्या अक्षाचं रीडिंग शून्याच्या आसपास पाहिजे. ते वजा ०.१८ आलं, चार दिवसांनी वजा ०.२३. मधला एवढा भाग कन्सोलने दुर्लक्षित करावा, अशी डेडझोनची सेटिंग तरी मेनूत असायला हवी होती. शोधून दमलो, नाही.

आतून काय झालं असणार ते सांगतो. तुमच्या स्टिकमध्ये दोन पॉट (पोटेन्शियोमीटर) आहेत, एक आडव्या हालचालीला, एक उभ्या. कार्बनच्या पट्टीवर वायपर, म्हणजे धातूची बारीक जीभ, घासत फिरतो आणि व्होल्टेज बदलतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमलाही हेच असतं. गणपतीच्या आधी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडं येतात ते याच खरखरीपायी. पण ती पट्टी झिजायला वर्षं जातात. इथं तुमचा कीस थेट पॉटवर पडतोय. कंट्रोलर मी उघडला नाही, सील तसंच आहे. हात किती शिवशिवले ते माझं मला माहीत.

चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर घातला असता तर घासायला पट्टीच नसती. हे काही कालचं नवल नाही. सेगाने १९९८ साली ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हॉल सेन्सर वापरले होते. तुम्ही ४२ हजार घेऊन पॉट घालता, तर निदान भोकाची कड तरी घासून द्या.

राहिला ओलावा. बेळगाव सह्याद्रीच्या पाठीशी, पावसाळ्यात इथं कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. हे तुम्हाला भर पावसात इथं माल विकताना ठाऊक नव्हतं? आणि ओलाव्यानं बिघडायचं तर फक्त डावीच स्टिक का?

आता दुरुस्तीची गंमत ऐका. तुमच्या हेल्पलाइनला राज्य कर्नाटक सांगितलं की कन्नड, हिंदी, इंग्रजी एवढंच येतं. कन्नड मला येतं, दुकानात निम्मी गिऱ्हाइकं कन्नडच बोलतात, पण तक्रार करताना माणसाला आपली भाषा सुचते. कन्सोल आणि कंट्रोलर दोन्ही स्वखर्चाने बेंगळुरूला पाठवा, म्हणाले. म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर. तुमचं एक केंद्र कोल्हापुरात आहे, निपाणीमार्गे ११० च्या आसपास. तिथं फोन केला तर, "पिनकोड ५९० चा आहे, सिस्टीम घेत नाही." इथून दुचाकीवर निघालो तर शिनोळी काही लांब नाही. ते चंदगड तालुक्यात, जिल्हा कोल्हापूर. तिथला माणूस बेळगावच्याच बाजारातून हाच कन्सोल घेऊन गेला तर त्याला कोल्हापूर चालतं! शिनोळीच्या मित्राचा पत्ता घालावा असं एकदा मनात आलं. पण पावती माझ्या नावावर आहे आणि खोटं लिहायची मला गरज नाही.

तेव्हा कंट्रोलर बदलून द्या, तो कोल्हापूरच्या केंद्रात जमा करून घ्या, आणि 'गैरवापर' हा शेरा मागे घेतल्याचं लेखी कळवा. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण तो शेरा नोंदीत राहिला तर उद्या कन्सोल बिघडल्यावर तुम्ही तोच पुढं कराल.

पंधरा दिवस वाट बघतो. नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहकाला स्वतः राहतो तिथंच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, त्यामुळं मला बेंगळुरू गाठावं लागणार नाही.

सोबत पावतीची झेरॉक्स, रीडिंगचे फोटो आणि खेळाडू चालत जातो त्याचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जोडला आहे. भुकटी कागदाच्या पुडीत माझ्याकडंच ठेवली आहे.

आपला,
एक ग्राहक
शहापूर, बेळगाव

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी पुन्हा रीडिंग घेतलं. वजा ०.२६.